नसबंदीची धास्ती आणि गायब झालेला पुरुष

‘नसबंदी’ हा शब्द आमच्या मोहल्ल्यात आजही दबक्या आवाजात उच्चारला जातो. पोलिओचा डोस आला तेव्हा तो कानावर आला, गोवर-रुबेलाच्या लसीच्या वेळी आला, कोरोनाच्या लसीच्या वेळी तर व्हॉट्सॲपवरून फिरत आला. नव्वदनंतर जन्मलेली पोरंही तो वापरतात. आणीबाणी त्यांनी पाहिलेली नाही, त्यांच्या अब्बांनीही ती धड आठवणीत राहावी इतक्या वयात पाहिलेली नाही. पण भीती मात्र वारसाहक्कानं मिळाली आहे.

या भीतीबद्दल लिहिताना आपण बहुतेक वेळा फक्त जुलमाची हकीकत सांगून थांबतो. ती खरी आहे आणि सांगायलाच हवी. पण त्या जुलमाचा एक परिणाम चर्चेत येत नाही. त्या दोन वर्षांनंतर या देशातल्या कुटुंब नियोजनातून पुरुष जवळपास गायब झाला. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे बघा. विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्के ठिकाणी बाईची शस्त्रक्रिया झालेली आहे. पुरुषाची? ०.३ टक्के. निरोध वापरणारे साडेनऊ टक्के. याच सर्वेक्षणात साधारण तीनपैकी एका पुरुषानं सांगितलं की, गर्भनिरोधन ही बायकांची बाब आहे, पुरुषानं त्यात डोकं घालायचं कारण नाही. हे सगळ्या धर्मांचे पुरुष आहेत, एकट्या मुसलमानांचे हे आकडे नाहीत.

हे नेहमीच असं नव्हतं, म्हणून हा लेख.

महाराष्ट्रात या विषयाची सुरुवातच एका पुरुषानं केली. रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून त्यांची नोकरी गेली. १९२१ साली त्यांनी मुंबईत सल्ला केंद्र सुरू केलं आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं, ते १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले भरले गेले. १९३४च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला हरले, दंड भरावा लागला. पण कर्व्यांच्या मासिकातला पत्रव्यवहार वाचला तर एक गोष्ट लक्षात येते. प्रश्न विचारणाऱ्यांत तरुण पुरुष भरपूर आहेत. गावोगावचे, नाव न सांगणारे, लाजणारे, घाबरलेले. हस्तमैथुनानं शक्ती जाते का, लग्नाच्या रात्री काय करायचं, बायकोचं बाळंतपण लांबवता येईल का. कर्वे त्यांना न हसता, कधी कधी चिडून, पण सरळ उत्तर देत. शंभर वर्षं होत आली. मी आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयात मुलांशी बोलतो तेव्हा चिठ्ठ्यांवर लिहून आलेले प्रश्न फारसे वेगळे नसतात. भाषा फक्त बदललेली असते.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली भारतानं सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला. असा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेणारा हा जगातला पहिला देश मानला जातो. सुरुवातीला पैसा थोडा आणि बोलणं जास्त असा कारभार होता. साठच्या दशकात तो जोरात आला. लाल त्रिकोण, ‘हम दो हमारे दो’ आणि निरोध. निरोध बाजारात आला १९६८ साली. पंधरा पैशांना तीन. हिंदुस्थान लिव्हर, ब्रुक बॉण्ड, लिप्टन, टाटा ऑइल मिल्स, युनियन कार्बाइड, सिगारेटवाली आयटीसी असल्या कंपन्यांच्या गाड्या साबण, चहा, बॅटऱ्या घेऊन गावात जात, त्यांच्याच सोबत निरोधही गेला. म्हणजे तो दवाखान्यात नव्हे, पानटपरीवर आणि किराणा दुकानात मिळू लागला. पुरुष जिथं उभा असतो तिथं वस्तू न्यायची, एवढी साधी अक्कल त्यामागे होती. आम्ही लहानपणी त्याचे फुगे केले, हेही खरं. चाचांनी एकदा तो फुगा हातातून हिसकावला आणि कारण काही सांगितलं नाही. त्या काळातल्या बहुतेकांचं लैंगिक शिक्षण तिथंच सुरू झालं आणि तिथंच संपलं.

शस्त्रक्रियांमध्येही तेव्हा पुरुषच पुढे होता. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात देशात होणाऱ्या नसबंदीच्या शस्त्रक्रियांपैकी बहुसंख्य पुरुषांच्या असत. वैद्यकीयदृष्ट्या ते शहाणपणाचंही होतं. पुरुषाची शस्त्रक्रिया काही मिनिटांची, जागेवरच बधिर करून होणारी. बाईची पोट उघडून. मुंबईत तर रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रं होती. माणूस लोकलमधून उतरायचा आणि थोड्या वेळानं पुढची लोकल पकडायचा. केरळात एर्नाकुलमला १९७०च्या अखेरीस भरलेल्या शिबिरात पंधरा हजारांच्या आसपास, तर जुलै १९७१च्या शिबिरात महिन्याभरात साठ हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. जत्रेसारखा मांडव, रोख रक्कम, भेटवस्तू. जगभर त्याची वाहवा झाली. माझ्या मते पुढच्या संकटाचं बी तिथंच पडलं. माणसाला समजावून सांगण्यापेक्षा तो मोजणं सोपं असतं, हे सरकारला एर्नाकुलमनं शिकवलं. बक्षीस देऊन आकडा वाढतो हे कळलं, की बक्षीस संपल्यावर दंडानंही वाढेल हा विचार फार लांब नसतो.

तो आला. २५ जून १९७५ला आणीबाणी लागली. १६ एप्रिल १९७६ला डॉ. करण सिंग यांनी राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केलं आणि राज्यांना सक्तीचे कायदे करायची मुभा दिली. मास्तरांचा पगार, शेतकऱ्याचं कर्ज, झोपडीचा पट्टा, सगळं ‘केस’ आणण्याशी जोडलं गेलं. केस म्हणजे माणूस. १९७६-७७ या एका वर्षात ८२ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यातले ६२ लाखांच्या आसपास पुरुष होते.

उटावरची गोष्ट अनेकांना ऐकून माहीत असते, तपशील माहीत नसतात. हरयाणातलं, तेव्हाच्या गुडगाव जिल्ह्यातलं हे मेव मुसलमानांचं गाव. शस्त्रक्रियेला विरोध करतं म्हणून आधी गावाची वीज तोडली. ६ नोव्हेंबर १९७६च्या पहाटे पोलिसांनी गाव वेढलं. लाउडस्पीकरवरून हुकूम सुटला: पंधरा वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांनी रस्त्यावर जमायचं. शेकडोंना गाड्यांत घालून नेलं आणि त्यातल्या सुमारे १८० जणांच्या शस्त्रक्रिया झाल्या. म्हाताऱ्यांच्याही. पंधरा वर्षांवरचे, म्हणजे ज्यांच्या ओठांवर अजून मिसरूड फुटलेली नाही अशी पोरंही त्या रांगेत उभी होती. नंतर शाह आयोगानं देशभरातून आलेल्या तक्रारींत अविवाहितांच्या नसबंदीच्या ५४८ तक्रारी नोंदवल्या आणि शस्त्रक्रियेशी संबंधित १,७७४ मृत्यू. ‘तरुण पुरुषांना कार्यक्रमात सामील करून घेणं’ हे वाक्य आज परिषदांमध्ये ऐकतो तेव्हा मला उटावरचा तो लाउडस्पीकर आठवतो. भारतीय सरकारनं तरुण पुरुषांना एवढ्या मोठ्या आवाजात बोलावल्याची ती एकमेव वेळ.

दिल्लीत तुर्कमान गेटला १९ एप्रिल १९७६ला गोळीबार झाला तो घरं पाडण्यावरून, पण जवळच दुजाना हाउसमध्ये नसबंदी केंद्र चालू होतं आणि लोकांच्या मनात दोन्ही गोष्टी एकच होत्या. मुजफ्फरनगरलाही ऑक्टोबरमध्ये गोळ्या चालल्या. आणि आपण महाराष्ट्रातले लोक हे सगळं उत्तरेतलं म्हणून कानाआड करतो, ते बरोबर नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत जानेवारी १९७६मध्ये रस्त्यावरून माणसं पकडून नेल्याची नोंद आहे. तीन अपत्यांनंतर सक्तीची नसबंदी असा कायदा विधिमंडळात मंजूर करून घेणारं देशातलं पहिलं राज्य महाराष्ट्रच. त्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो, नाहीतर तो आपल्या नावावर लागला असता. बार्शीत पकडले गेले त्यांत सगळ्या जातीधर्मांचे गरीब होते. उटावर मुसलमानांचं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. ‘फक्त आमच्यावर’ असं म्हणून आपण दलित, आदिवासी, भूमिहीनांचं दुःख पुसतो. ‘सगळ्यांवरच’ असं म्हणून काही लोक उटावर पुसतात.

१९७७च्या निवडणुकीत उत्तर भारतानं काँग्रेसला झोपवलं. नव्या सरकारनं खात्याचं नाव बदलून परिवार कल्याण केलं. १९७७-७८ साली शस्त्रक्रिया साडेनऊ लाखांवर आल्या आणि त्यात पुरुष दोन लाखसुद्धा नव्हते. इथून पुढे जे झालं त्याला मी धूर्तपणा म्हणेन. कार्यक्रम बंद झाला नाही, त्यानं फक्त गिऱ्हाईक बदललं. पुरुषाला हात लावला की दंगल होते, सरकार पडतं. बाईला हात लावला की काही होत नाही. दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली होती, एका दिवसात कितीतरी ‘केस’ करता येत होत्या. पुढची सगळी वर्षं त्यावर गेली. नोव्हेंबर २०१४ला छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या आणि डझनाहून अधिक जणी दगावल्या, तेव्हाही कुणाचं सरकार पडलं नाही. आणीबाणीत पुरुषांवर झालेल्या जबरदस्तीची किंमत पुढची पंचेचाळीस-पन्नास वर्षं बायका पोटावर टाके घेऊन भरत आहेत. आमच्या घरांतल्याही.

मोहल्ल्यात हे बोलायला लागलो की एक वाक्य हमखास येतं: “अपने में ये जायज नहीं.” त्यामुळे थोडं फिक्हकडे वळतो.

इस्लामी परंपरेत ज्या गर्भनिरोधनावर हजार वर्षं वाद झाला, ते पुरुषानं करायचं गर्भनिरोधन आहे. अझ्ल, म्हणजे स्खलनाआधी बाजूला होणं. कुरआन उतरत असतानाच्या काळात आम्ही अझ्ल करत असू, या आशयाची हजरत जाबिर यांची रिवायत बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. उलट दिशेची रिवायतही आहे आणि तिच्या आधारे इब्न हज्म यांनी मनाई सांगितली. पण चारही प्रमुख मजहबांच्या बहुसंख्य फुकहांनी अझ्ल चालतं असंच मानलं. ११११ साली वफात झालेल्या इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये त्याची कारणं मोजली आहेत. त्यात बायकोच्या जिवाला बाळंतपणाचा धोका आहे, फार मुलांमुळे होणारी ओढाताण आहे, इतकंच काय पण बायकोचं रूप टिकावं हेही कारण त्यांनी अडवलेलं नाही. बासिम मुसल्लम यांनी १९८३च्या आपल्या पुस्तकात दाखवलंय की मध्ययुगीन मुस्लिम जगात गर्भनिरोधनाची चर्चा फिक्ह, वैद्यक आणि साहित्य तिन्हीकडे उघडपणे होत होती.

मला त्यातली एक अट महत्त्वाची वाटते. हनफी, मालिकी आणि हंबली फुकहा सांगतात की, अझ्ल करायचं तर बायकोची परवानगी हवी, कारण सुखावर आणि संततीवर तिचाही हक्क आहे. शाफईंमध्ये या अटीवर मतभेद आहेत (कोकणातले आपले बहुसंख्य मुसलमान शाफई आहेत, त्यांनी हे आपल्या आलिमांना जरूर विचारावं). म्हणजे बेडरूममध्ये बायकोला विचारायचं असतं, हा मुद्दा कैरोच्या परिषदेच्या आठेकशे वर्षं आधी आपल्या किताबांत नोंदवलेला आहे. कायमची नसबंदी हा मात्र वेगळा मसला आहे, तिला बहुतेक उलेमांचा विरोध आहे. आणीबाणीचा घोळ इथंही आहे. सरकारनं पर्याय म्हणून पुढे केलं ते नेमकं तेच एक, ज्याला धर्मात सगळ्यात कमी जागा होती. त्या रागात बाकीचे पर्यायही नाजायज ठरून गेले.

हे पुस्तकी वाटत असेल तर इराणकडे बघा. तिथं शाहच्या काळात, १९६७पासून कुटुंब नियोजन होतं. १९७९च्या क्रांतीनंतर ते पाश्चिमात्य कारस्थान म्हणून बाजूला पडलं. पुढे इराकशी आठ वर्षं युद्ध. १९८६ची जनगणना झाली आणि लोकसंख्या पाच कोटींच्या घरात गेलेली दिसली. युद्ध थांबलं तेव्हा तिजोरी रिकामी होती. सप्टेंबर १९८८मध्ये मशहदला परिषद झाली, डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायिक मंडळानं कुटुंब नियोजनाला शरीअतची अडचण नाही असं सांगितलं, १९८९च्या अखेरीला कार्यक्रम सुरू झाला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात बाईमागे सहाहून अधिक मुलं होती. २००० सालापर्यंत ती दोनच्या आसपास आली. एवढा वेगवान बदल जगात फार थोड्या ठिकाणी झाला आहे, आणि तो बंदुकीशिवाय झाला. त्यात मुलींच्या शिक्षणाचा आणि गावोगावच्या आरोग्यघरांचा वाटा मोठा होता.

आपल्या विषयापुरतं त्यातलं सांगायचं ते नवरदेवाबद्दल. निकाहाची नोंद करायची तर वधू आणि वर दोघांनीही वर्गाला बसायचं, असा नियम. वर्ग वेगवेगळे, पण चुकवायची सोय नाही. विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींना कुटुंब नियोजनाचा विषय सक्तीचा. १९९७पासून लग्नाआधी थॅलेसेमियाची तपासणी आली. तिची पद्धत मला फार आवडते: आधी मुलाचं रक्त तपासायचं. त्याच्यात दोष दिसला तरच मुलीला बोलवायचं. आपल्याकडे मूल होत नाही म्हटलं की सहा वर्षं सुनेच्या तपासण्या चालतात आणि मुलाची एक चाचणी करायची म्हटली की खानदानाची इज्जत जाते. २०००च्या सर्वेक्षणात इराणात शंभरातली सुमारे अठरा जोडपी अझ्लवरच अवलंबून होती. डॉक्टरांना ते पसंत नव्हतं, त्यात चूक होण्याची शक्यता जास्त. पण जबाबदारी घेणारा पुरुष तिथं होता.

इराणला डोक्यावर घ्यायचं कारण नाही. त्या वर्गांत लग्नाला आलेल्यांनाच प्रवेश होता, अविवाहित पोरांचं अस्तित्वच सरकारला मान्य नव्हतं. आणि जे राज्य देतं ते काढूनही घेतं. २०१२पासून धोरण उलटलं, कार्यक्रमाचा पैसा बंद झाला, विद्यापीठातल्या विषयाचा आशय बदलून मुलं वाढवण्याचा झाला. २०२१च्या कायद्यानं सरकारी दवाखान्यांतून मोफत साधनं देण्यावरच बंदी आली. तेव्हाही मोजणी लोकांची होत होती, आताही तेच होतंय, फक्त आकडा उलट्या दिशेनं हवाय.

१९९४च्या कैरो परिषदेनंतर जगाची भाषा बदलली. लोकसंख्या कमी करा ऐवजी आरोग्य आणि हक्क असं बोललं जाऊ लागलं, आणि पुरुषांची जबाबदारी हा विषय ठरावात स्वतंत्रपणे आला. भारतानं १९९६ला निदान कागदावर लक्ष्यांकाची पद्धत सोडली. त्यानंतर मुंबईत एक चांगलं काम झालं, ज्याची मराठीत फार कमी चर्चा झाली. ब्राझीलमध्ये १९९९च्या सुमारास ‘प्रोमुंदो’ या संस्थेनं गरीब वस्त्यांतल्या तरुणांसाठी एक कार्यक्रम बनवला होता. ‘कोरो’ आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी तो इथल्या वस्त्यांत आणला, नाव ठेवलं ‘यारी-दोस्ती’. पोरांना गोळा करून शरीररचनेवर व्याख्यान देण्याऐवजी प्रश्न टाकायचा, असली मर्द कोण? मारतो तो, कमावतो तो, की विचारतो तो? गटाचे म्होरके त्याच गल्लीतले. पुढे ‘सोच सही, मर्द वही’ अशी मोहीम झाली. मुलांच्या बोलण्यात आणि निरोधच्या वापरात फरक पडल्याचं पाहणीत दिसलं.

आणि २००७ साली महाराष्ट्रानं काय केलं? शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. विधिमंडळात संस्कृतीच्या नावानं आरडाओरड झाली. त्यात हिंदुत्ववादी होते, तसे आपले मौलानाही त्यांच्या सुरात सूर मिसळून होते. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे या एका विषयावर किती चटकन एकत्र येतात!

मग पोरं शिकतात कुठं? रेल्वेरुळांलगतच्या भिंती वाचा. ‘मर्दाना कमजोरी’, ‘बचपन की गलतियाँ’, हकीमसाहेबांचा तंबू, अमुक लॉजवर दर मंगळवारी भेटतील. धातू जाते म्हणून अंगात त्राण राहत नाही, या भीतीला मानसोपचारात ‘धात सिंड्रोम’ असं नावच आहे, डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली दिलेलं. आता भिंतीची जागा मोबाइलनं घेतली आहे. वाचनालयातल्या चिठ्ठ्यांत दर वेळी दोन-तीन तरी याच भीतीच्या असतात. एका मुलानं हकिमाला आठ हजार रुपये दिले होते. तो बेकरीत काम करतो, पगार महिन्याचा नऊ हजार. त्याला काहीच झालेलं नव्हतं.

सरकारी बाजूला जानेवारी २०१४पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात मुलगेही आहेत. महाराष्ट्रात त्याची ‘मैत्री’ नावाची केंद्रं सरकारी रुग्णालयांत आहेत. मी एका केंद्रावर मुलांना घेऊन गेलो. खोली होती, पाटी होती, समुपदेशक बाई नीट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सांगितलं, मुली येतात, मुलं येत नाहीत. आली तर दारातून वळतात. वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन. त्या वेळेत आमची पोरं गॅरेजात, बेकरीत, पॉवरलूमवर असतात. निरोध विकणाऱ्यांना १९६८ साली जे समजलं होतं, ते इथं कुणालाच सुचलं नाही.

मुस्लिमांच्या लोकसंख्येवरून निवडणुकांत जे बोललं जातं त्याला उत्तर म्हणून आपण जननदराचे आकडे तोंडपाठ ठेवतो: १९९२-९३ला ४.४, आता २.४च्या खाली. आकडे बरोबर आहेत आणि ते सांगायलाच हवेत. पण ते उतरवले कुणी, हेही विचारायला हवं. आमच्या आयांनी, बहिणींनी, कधी नवऱ्याला न सांगता तांबी बसवून, कधी माहेरी जाऊन शस्त्रक्रिया करून. त्या घसरणीत पुरुषाच्या नावावर फार थोडं जमा आहे.

आमच्या शहरातल्या एका मशिदीचे इमामसाहेब निकाह लावण्याआधी नवरदेवाला तासभर बसवून घेतात. मेहेर, तलाक, बायकोचे हक्क हे सगळं ते सांगायचेच. गेल्या वर्षी मी त्यांना गझालींची ती पानं दाखवली आणि सोबत एका डॉक्टरांना बसवायची विनंती केली. ते थोडे थांबले, मग म्हणाले, “डॉक्टर मर्द होना, और बात अदब से होना.” आतापर्यंत अकरा मुलं त्या तासाला बसली आहेत. त्यातल्या एकानं डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं की, त्याच्या बहिणीला चौथं मूल नको आहे, पण मेहुण्याला हे सांगायचं कुणी? डॉक्टरांनी मेहुण्याचा नंबर मागितला. तो अजून त्यांना मिळालेला नाही.